टेबलावरची लढाई

जन्मात मी कुणावर हात उगारलेला नाही. शाळेत मार खाल्ला तो निमूटपणे आणि बँकेत ३८ वर्षे चाकरी केली ती मान खाली घालून. घरात झुरळ निघाले तर ते मारण्याचे कामही आमची हीच करते. ते कुठे पळाले एवढे मी खुर्चीवर उभा राहून सांगतो. असा मी, चौऱ्याहत्तरी उलटल्यावर परमुलखात जाऊन साठ अफगाणांचा सरदार झालो आणि इंग्रजांच्या फौजेवर चालून गेलो असे सांगितले, तर वाचकांना ती दिवाळी अंकातली थाप वाटेल. पण गोष्ट खरी आहे. ही लढाई एका शनिवारी दुपारी अडीच वाजता सुरू झाली आणि चहासाठी मध्ये वीस मिनिटे थांबली.

झाले असे, की आमची कन्या इंग्लंडात रेडिंग या गावी असते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता चार महिने तिच्याकडे होतो. परदेशी लेकीकडे गेलेल्या बापाला उद्योग असा काही नसतो. भांडी यंत्र घासते, भाजी घरपोच येते आणि वर्तमानपत्रातली भांडणे परक्यांची असल्यामुळे वाचण्यात रस वाटत नाही. म्हणून मी रोज सकाळी फिरायला बाहेर पडे. गावाच्या मध्यभागी फॉरबरी नावाची बाग आहे आणि त्या बागेत एक सिंह आहे. ओतीव लोखंडाचा, ३१ फूट लांब, तोंड उघडून उभा. जॉर्ज सायमंड्स नावाच्या शिल्पकाराने तो घडवला आणि १८८६ साली तेथे त्याचे अनावरण झाले. सिंहाचे पाय चालण्याच्या दृष्टीने चुकीचे पडले आहेत हे ध्यानात आल्यावर शिल्पकाराने जीव दिला, अशी एक दंतकथा गावात सांगतात. प्रत्यक्षात ते गृहस्थ १९२९ सालापर्यंत सुखाने जगले!

सिंहाच्या चौथऱ्याभोवती नावे कोरली आहेत. ३२९ नावे. बँकेतल्या माणसाची खोड अशी, की नावांची यादी दिसली की ती वाचल्याखेरीज पुढे पाऊल पडत नाही. चार दिवसांत मी ती पुरी वाचून काढली. ही सगळी माणसे ६६व्या बर्कशायर पलटणीची, १८७९–८०च्या अफगाण मोहिमेत कामी आलेली. त्यांतली बहुतेक एकाच दिवशी पडली. तो दिवस २७ जुलै १८८०, आणि जागा कंदाहारच्या पश्चिमेला असलेले मैवंद नावाचे खेडे. जनरल बरोज याच्या हाताखालची सुमारे अडीच हजारांची फौज तेथे अयूबखानाच्या कितीतरी मोठ्या सैन्यापुढे उभी राहिली, भर उन्हात पाण्यावाचून लढली, आणि मोडली.

एके सकाळी कुंपणापाशी शेजारच्या गृहस्थांशी बोलताना मी सहज या सिंहाचा विषय काढला. हे गृहस्थ माझ्याच वयाचे, रेल्वेतून निवृत्त झालेले आणि अतिशय अबोल. पण ‘मैवंद’ हा शब्द कानी पडताच त्यांचा चेहरा असा खुलला, की आपण यांच्या माहेरचे नाव काढले की काय, असे मला वाटले. ‘वेळ आहे?’ त्यांनी विचारले. मला वेळेशिवाय दुसरे काय होते? त्यांनी मला घराला लागून असलेल्या मोटारीच्या खोलीत नेले. तेथे मोटार नव्हती. तेथे अफगाणिस्तान होते.

सहा फूट लांब आणि चार फूट रुंद टेबलावर खाकी रंगाचे जाड कापड पसरले होते. त्याखाली काहीबाही घालून टेकड्या उठवल्या होत्या. मधून एक कोरडा ओढा गेला होता. एका कडेला मातीच्या भिंतींची चार घरे, एक बाग आणि उंटांचा तांडा. भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने उभे होते शेकडो शिपाई. एकेकाची उंची जेमतेम माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. कथलासारख्या पांढऱ्या धातूत ओतलेले आणि हाताने रंगवलेले. चारपाच केसांच्या कुंचल्याने त्यांनी प्रत्येकाच्या मिशासुद्धा काढल्या होत्या.

मला एकदम आमचे कोकणातले अंगण आठवले. सहामाही परीक्षा संपली की आम्ही भावंडे ओसरीपुढे दगडमातीचा किल्ला करीत असू. त्यावर अळीव पेरायचे, आरशाच्या तुकड्याचे तळे करायचे, आणि बाजारातून मातीचे मावळे आणून तटावर उभे करायचे. मावळे कमी पडले की बंदूकवाला फौजी शिपाईही चाले; सिंहासनावर बसलेल्या महाराजांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फरक एवढाच, की आमचे मावळे एकदा मांडले की देवदिवाळीपर्यंत जागचे हलत नसत. या शेजाऱ्यांचे शिपाई मात्र चालत, बंदुका झाडत, आणि मरत.

हा खेळ त्या देशात चांगलाच मुरलेला आहे. १८९३ साली तिकडे पोकळ ओतीव शिपाई स्वस्तात निघू लागले आणि मध्यमवर्गीय घरांतून पलटणी उभ्या राहिल्या. एच. जी. वेल्स या मोठ्या लेखकाने १९१३ साली या खेळाचे नियम सांगणारे एक पुस्तकच लिहिले. खऱ्या लढाईपेक्षा ही लुटुपुटीची बरी, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी खरे महायुद्ध पेटले, ही गोष्ट निराळी. शेजारी ज्या नियमांनी खेळत ते १९७९ साली एका अमेरिकन गृहस्थाने बसवलेले, खास सरहद्दीवरच्या चकमकींसाठी. वीस-वीस शिपायांची एकेक तुकडी. मध्ये पत्त्यांचा जोड ठेवायचा. लाल पान निघाले तर इंग्रजांकडील एक तुकडी हलणार, काळे निघाले तर अफगाणांकडील. किती इंच चालायचे आणि गोळी लागली की नाही, हे फासे ठरवणार. आपली पाळी केव्हा येईल हे कुणालाच ठाऊक नसते. नशिबावर इतका भरवसा टाकणारा खेळ इंग्रजांनी चालवावा याची मला गंमत वाटली.

‘शनिवारी या. नातवालाही आणा,’ शेजारी म्हणाले.

आमचा नातू दहा वर्षांचा. मराठी बोलतो, पण प्रत्येक वाक्याला जरा परदेशी वारा लागलेला असतो. शनिवारी आम्ही आजोबा-नातू तेथे हजर झालो. शेजाऱ्यांनी डाव समजावून सांगितला. तीन तुकड्यांचे रखवालीपथक पाण्याच्या पखाली लादलेले सहा उंट घेऊन या टोकापासून त्या टोकाला जाणार. वाटेत ओढा. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना साठ अफगाण दबा धरून बसलेले. दहा डावांत उंट पोचले तर पथक जिंकले, नाहीतर अफगाण.

‘तुम्हांला कोणती बाजू हवी?’

यात विचार करण्यासारखे काय होते? ज्यांनी दीडशे वर्षे आमच्यावर राज्य केले, त्यांच्यावर चालून जाण्याची संधी मला अखेर चौऱ्याहत्तराव्या वर्षी का होईना मिळत होती. ‘अफगाण!’ मी म्हणालो. माझा आवाज बहुधा जरा चढला असावा, कारण नातवाने चमकून माझ्याकडे पाहिले. त्याच्या वाट्याला रखवालीपथक आले.

शेजारी फळीवरून एकेक शिपाई उतरवून मांडू लागले. आधी ६६व्या पलटणीचे वीस, पांढरी टोपी घातलेले. मग दुसरे वीस. यांच्या डोक्याला खाकी फेटे होते आणि तोंडे सावळी होती. शेवटी कुदळी-फावडी पाठीला बांधलेले आणखी वीस.

‘हे कोण?’ मी विचारले.

‘हे? तुमच्याकडचेच की,’ शेजारी म्हणाले. ‘हे बॉम्बे ग्रेनेडिअर्स. आणि ते बॉम्बे सॅपर्स.’

मी गप्प झालो. मैवंदची फौज म्हणजे इंग्रजांची फौज, असेच मी बागेतल्या बाकावर बसून समजत होतो. वस्तुतः तीत गोरी पायदळ पलटण एकच. बाकीचे घोडेस्वार आणि पायदळ बहुतेक हिंदी, मुंबई इलाख्याच्या सैन्यातले. सॅपर तर आमच्या पुण्याजवळच्या खडकीचे. त्या काळच्या मुंबई फौजेत कोकणातले आणि घाटावरचे मराठे होते, महार होते, मुसलमान होते, उत्तरेकडचे परदेशी होते. त्या दिवशी साडेनऊशेच्या आसपास माणसे मेली. त्यांत निम्म्याहून कितीतरी अधिक हिंदी होती.

‘आबा,’ नातू म्हणाला, ‘मग आपली बाजू कुठली?’

पोरांच्या तोंडी असले प्रश्न फार सहज येतात. मी म्हणालो, ‘तू आधी पान उलट.’

खेळ सुरू झाला. माझे जिझेलवाले टेकडीवरून नेम धरू लागले. जिझेल म्हणजे लांब नळीची, तोंडाकडून ठासायची अफगाणी बंदूक. शेरलॉक होम्सचा मित्र डॉक्टर वॉटसन याला मैवंदला खांद्यात गोळी लागली ती हिचीच. नातवाच्या गोऱ्या शिपायांनी उत्तर दिले आणि माझे चार पडले. मग फेटेवाल्यांची पाळी आली. त्याने तेवढेच फासे टाकले, पण माझा एकच माणूस पडला.

‘असं का?’ तो रागावला. ‘यांचा नेम वाईट आहे?’

‘नेम चांगला आहे,’ शेजारी जरा संकोचून म्हणाले. ‘बंदूक जुनी आहे. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री असे, हिंदी शिपायांकडे आदल्या पिढीतली स्नायडर. १८५७ सालानंतर सरकारचा तसा रिवाजच होता.’

एकाच फौजेत, एकाच शत्रूपुढे, एकाच उन्हात उभे राहायचे, आणि हातात मात्र उतरलेली बंदूक! बँकेत नवे पंखे साहेबांच्या खोलीत लागत आणि जुने आमच्याकडे येत, एवढाच अन्याय मला ठाऊक होता.

तिसऱ्या डावाला माझी एक तुकडी ओढ्यातून वर आली आणि फेटेवाल्यांवर तुटून पडली. फासे माझ्या बाजूने पडत होते. सहा ग्रेनेडिअर आडवे झाले. शेजाऱ्यांनी शेजारचा कागद ओढला. त्या कागदावर गोऱ्या शिपायांच्या वीस ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत एक नाव होते. बागेतल्या सिंहाखालून उतरवून घेतलेले. पडलेल्या शिपायाच्या नावापुढे ते फुली मारीत. दुसऱ्या वीस ओळींत नुसते आकडे होते, १ ते २०. त्यांनी पाच, आठ, नऊ असे सहा आकडे खोडले.

‘यांची नावं?’ नातवाने विचारले.

शेजाऱ्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ‘नावे मला मिळाली नाहीत,’ ते म्हणाले. ‘सिंहावर नाहीत.’ आणि तो आपलाच अपराध असल्यासारखे ते फळीकडे पाहत राहिले.

नातू माझ्याकडे वळला. ‘आबा, तुम्हांला कुणाचं माहीत आहे?’

मला एकाचे माहीत असायला हवे होते. पण नव्हते.

कोकणात आमच्या आजीच्या देव्हाऱ्यात एक चांदीचे गोल पदक होते. त्याच्या एका बाजूला राणीचे तोंड आणि दुसऱ्या बाजूला कूच करणारी फौज. त्या फौजेत तोफ वाहणारा एक हत्ती होता. हत्ती दिसला तेव्हा कुण्या भाविक पूर्वजाने गणपती म्हणून ते पदक देव्हाऱ्यात नेऊन ठेवले असावे. राणी पालथी आणि हत्ती वर! आम्ही मुले रोज त्या हत्तीला नमस्कार करीत असू. हे पदक अफगाण युद्धाचे. आमच्या पणजोबांचा धाकटा भाऊ फौजेत होता, तो तिकडे गेला आणि आला नाही. त्याच्या मागून हे पदक आले. आजी त्यांना ‘काबूलचे मामंजी’ म्हणे. ते तिचे चुलत सासरे, तेव्हा त्यांचे नाव ती घेणे शक्यच नव्हते. त्यांचे लग्न झाले नव्हते. मूल असते तर त्याच्या नावामागे बापाचे नाव लागले असते, सात-बाराच्या उताऱ्यावर कुठेतरी उरले असते. तेही नाही.

एका जागी मात्र ते नाव होते. या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरीत असत. पण हे आम्हांला कुणाला ठाऊक नव्हते. दर दिवाळीला, नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी आजी देव्हाऱ्यातली सगळी चांदी रांगोळीने घासून लख्ख करी. त्या कामाला तिने मला जोडीला घेतलेले असे. ‘कडा नीट घास रे, कडेला मळ साचतो,’ असे ती बजावून सांगे. मी कडा नीट घासत असे.

हे सगळे मी त्या मोटारीच्या खोलीत नातवाला सांगितले. मामंजी मैवंदलाच पडले असे मी म्हणणार नाही. त्या मोहिमेत माणसे वाटेवरच्या पटकीनेही मेली. इतर काही लढायांसाठी पदकाच्या फितीवर चांदीची पट्टी देत, मैवंदसाठी कोणतीच पट्टी नव्हती. हरलेल्या लढाईची पट्टी कोण काढतो? आमच्या पदकावर पट्टी नव्हती, एवढेच मी सांगू शकतो.

नातू थोडा वेळ बोलला नाही. मग त्याने तो कागद स्वतःकडे ओढला आणि म्हणाला, ‘तुम्ही नावं सांगा. मी लिहितो.’

मग मी सांगत गेलो. सखाराम, धोंडू, विठू, लक्ष्मण, शेख इस्माईल, राघू, भिकू, रामदीन. आमच्या गावच्या वाडीवाडीत ऐकलेली, बँकेच्या खात्यांत लिहिलेली. त्याने इंग्रजी अक्षरांत वीसही ओळी भरल्या. खोडलेल्या सहांच्याही.

खरे सांगतो, त्यानंतर मला फासा टाकता येईना. आकडा खोडणे सोपे असते. मी जन्मभर तेच केले आहे. पण आता जिझेलचा नेम धरायचा तो धोंडूवर. शेजाऱ्यांचा स्वतःचा एक नियम होता, की जखमी पडला तर त्याला उचलायला दोघांनी थांबायचे आणि तुकडीने निम्म्या चालीने जायचे. नाहीतर टाकून पुढे निघायचे. नातवाचे तीन ग्रेनेडिअर जखमी होते आणि सात डाव झाले होते. ‘टाकून गेलास तर जिंकशील,’ शेजाऱ्यांनी त्याला सुचवले. त्याने मान हलवली. तिघांनाही उचलले. दहाव्या डावाला त्याचे दोनच उंट पलीकडे पोचले, चार ओढ्यात राहिले. अफगाण जिंकले. माझ्या आयुष्यातला तो एकमेव रणविजय, आणि त्या रात्री मला जेवण गेले नाही.

खऱ्या लढाईत शेवटी खीग नावाच्या वाडीतल्या बागेत जे उरले ते लढत राहिले. त्यांतले अखेरचे अकरा जण इंग्लंडात प्रसिद्ध आहेत. पलटणीबरोबर बॉबी नावाचे एक कुत्रे होते, ते जखमी होऊन परत आले. १८८१ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने त्याच्या गळ्यात पदक घातले, आणि मेल्यावर त्याला पेंढा भरून ठेवले. ते आजही सॉल्झबरीच्या पलटणीच्या संग्रहालयात उभे आहे. पलीकडे अफगाणांनी मलालाई नावाच्या मुलीची आठवण जपली. माघार घेऊ पाहणाऱ्यांना तिने धीर दिला, असे ते सांगतात. २०१४ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या मलालाचे नाव तिच्यावरूनच ठेवलेले. कुत्र्याचे नाव राहिले, मुलीचे राहिले. डॉक्टर वॉटसन तर मुळात नव्हताच, पण त्याचेही राहिले. याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. बर्कशायरच्या लोकांनी आपली माणसे दगडावर लिहून ठेवली, हे योग्यच केले. ज्याची त्याने लिहायची असतात. आमचे आम्ही लिहिले नाही; एक लिहिलेले मिळाले होते, ते घासून काढले. तेही भक्तीने, दर दिवाळीला, रांगोळी लावून.

निघताना शेजाऱ्यांनी मला एक ग्रेनेडिअर भेट दिला. त्याच्या पायाखालच्या चकतीवर त्यांनी बारीक अक्षरांत नाव घातले आहे: सखाराम. नव्या कागदावर ते आता आमच्या वीस नावांनीच खेळतात, असे नातू फोनवर सांगतो.

पुण्याला परतल्यावर मी पहिले काम केले ते मुंबईच्या चुलतभावाला फोन करण्याचे. वाटणीत देव्हारा त्याच्याकडे गेला आहे. पदकाच्या कडेचा फोटो काढून पाठव, असे मी त्याला सांगितले. त्याने पाठवला. भिंगातून पाहिला, मोठा करून पाहिला. एक पुसट आकडा दिसतो आणि त्यापुढे ‘शिपाई’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द. पुढची कड आरशासारखी गुळगुळीत आहे. हुद्दा राहिला, माणूस गेला.

परवा मी भावाला पुन्हा फोन केला आणि म्हणालो, ‘यंदा दिवाळीला ते पदक घासू नकोस.’

तो हसला. ‘अरे, आता त्याच्यावर घासण्यासारखं राहिलंय काय?’

‘तरी घासू नकोस,’ मी म्हणालो.